झोन सातचा माईक

सोनल भालेकर कामासाठी मुद्दाम गुरुवार मागून घ्यायची. चाकणच्या पट्ट्यात गुरुवारी कारखाने बंद. प्रेसचा धडधडाट नाही, फोर्कलिफ्टचे हॉर्न नाहीत, दर दहा मिनिटांनी येऊन "मॅडम, अजून किती वेळ?" विचारणारं कुणी नाही. तिचं काम आवाजाचं होतं आणि ते शांततेतच नीट व्हायचं.

तळवड्यात शेखरसरांची छोटी फर्म होती, तिथे ती नऊ वर्षं नोकरी करत होती. कारखान्यात आग लागली तर लोकांना बाहेर काढणारी घोषणा होते, ती यंत्रणा हे लोक बसवायचे. पूर्वी नुसता भोंगा वाजायचा आणि माणसं वाट फुटेल तिकडे पळायची. आता घोषणा नेटवर्कच्या वायरीवरून जाते. मध्ये ऑडिओ राउटर नावाच्या पेट्या असतात. कोणता आवाज कोणत्या भागातल्या स्पीकरला द्यायचा, कोणता आधी, कोणता नंतर, कोणता आला की बाकीचे गप्प करायचे, हे सगळं त्या पेट्यांना शिकवावं लागतं. ते शिकवायचं काम सोनलचं.

ही कंपनी गाड्यांच्या वायरींचे जुडगे बनवायची. आठ भाग, म्हणजे आठ झोन. त्यातला सातवा पॅकिंग हॉल, सगळ्यात मोठा. एका शिफ्टला तिथे एकशे चाळीस बायका कामाला असायच्या. बाहेर पडायला त्यांना गेट नंबर तीन दिलेलं होतं. नकाशावर तसंच होतं आणि सोनलने भरलेल्या घोषणेतही तसंच: "कृपया लक्ष द्या. काम थांबवा. गेट क्रमांक तीनमधून शांतपणे बाहेर पडा. धावू नका, ढकलू नका." आधी मराठीत, मग हिंदीत. मग दहा सेकंद थांबून पुन्हा पहिल्यापासून.

त्या गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास ती राउटर ठेवलेल्या रॅकच्या खोलीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. प्रत्येक झोनमध्ये छताला एक छोटा माईक असतो. तो गोंगाट मोजतो. हॉलमध्ये मशीनचा आवाज जास्त असेल तर राउटर घोषणाही मोठ्याने देतो. आठही माईकचे आकडे तिने एकाखाली एक लावले. रिकामा कारखाना, त्यामुळे सगळे पस्तीस-छत्तीस डेसिबलच्या आसपास. फक्त झोन सात चौऱ्याहत्तर दाखवत होता.

चौऱ्याहत्तर म्हणजे भरलेला हॉल.

'वायर कुठेतरी चिकटली,' असं मनाशी म्हणत ती उठली. हॉलमध्ये गेली. पत्र्यातल्या पांढऱ्या पट्ट्यांतून ऊन खाली आलं होतं. टेबलं ओळीने पुसून ठेवलेली, स्टुलं टेबलांवर उलटी घातलेली. वर कुठेतरी कबुतर घुमत होतं तेवढंच. तिने टाळी वाजवली. टाळी पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली आणि परत आली. एवढा तो हॉल मोकळा होता.

खोलीत परत आली. चौऱ्याहत्तर. मधूनच शहात्तर.

तिने माईकची जोडणी काढली, पुन्हा घातली. आकडा तसाच. जवळच्या डब्यातला नवा माईक शिडी लावून बदलला. तरी तसाच. मग तिने शेवटचा उपाय म्हणून हेडफोन कानाला लावला आणि झोन सातचा माईक थेट ऐकायला घेतला.

बायका बोलत होत्या.

पन्नास-शंभर बायका एका छताखाली काम करताना जो एक सलग आवाज उठतो, तो. मध्ये चिकटपट्टीचं चर्रर्र, खोक्यांची आदळआपट, पंख्यांची घरघर. कुणीतरी खोकलं. कुणाच्या तरी बांगड्या टेबलाच्या कडेला लागल्या. सोनलने हेडफोन काढला. खोलीत फक्त रॅकच्या पंख्याचा आवाज. पुन्हा लावला. हॉल भरलेला.

तिला भीती वाटली नाही, निदान तेव्हा तरी. नेटवर्कवरचं काम करणाऱ्याला पहिली शंका नेटवर्कचीच येते. या कंपनीचा दुसरा कारखाना ताथवड्याजवळ होता. तिथल्या एखाद्या माईकचा पत्ता आणि इथल्या माईकचा पत्ता चुकून सारखा पडला असेल, तिकडचा आवाज इकडे येत असेल. ती तसं कागदावर लिहूनही ठेवत होती, तेवढ्यात आवाज तुटला.

कमी झाला नाही, तुटलाच. पंख्याची घरघरसुद्धा नाही. कान भरून गेल्यासारखी पोकळी. मग आवाज परत आला, पण आता तो वेगळा होता. स्टुलं सरकत होती. पावलं. कुणीतरी हसून म्हणालं, "चला, तेवढाच आराम." पुन्हा पोकळी. पुन्हा आवाज. आता पावलं दाट झाली होती आणि एक बाई त्रासून म्हणत होती, "सरका की पुढं! का थांबल्या?" दुसरी म्हणाली, "दार उघडत नाय." पुन्हा पोकळी. सोनलने हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरला होता.

मग लोखंडावर हात आपटल्याचे आवाज आले. आधी एक, मग खूप. "मागून ढकलू नका, अगं ढकलू नका!" कुणीतरी आईला हाक मारली. आणि अगदी माईकखाली उभी असल्यासारखी, थोड्या घोगऱ्या आवाजाची एक बाई म्हणाली, "ए जये, हात सोडू नको गं. ए जये..."

पोकळी.

या वेळी ती संपली नाही. सोनल वाट बघत राहिली. मिनिट गेलं, दोन गेली. मग हलकेच कबुतराचं घुमणं ऐकू आलं आणि पडद्यावरचा आकडा छत्तीसवर येऊन थांबला.

फाटकापाशी बाळाजीमामा खुर्ची टाकून बसले होते. साठीचा माणूस, इथेच सुरक्षारक्षक होता. कारखाना उभा राहिला ती जमीन पूर्वी त्यांची, हे ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगायचे. सोनलने त्यांना विचारलं, "मामा, आत्ता आत कुणी गेलं होतं का?"

"कोन जाणार? चाव्या माझ्याकडं हायेत."

ती घुटमळली. मग विचारलंच. "इथं पूर्वी कधी काही झालंय का? आग, अपघात? कुणी गेलंय का इथं?"

बाळाजीमामांनी तिच्याकडे नीट बघितलं. "न्हाई बा. हा कारखाना होऊन सहा वर्सं झाली, बोटाला खरचटल्यालं सुदिक म्हाईत न्हाई मला. त्याच्या आदी हितं माझा कांदा हुता. त्याच्या आदी माझ्या बापाचा भुईमूग. मरायला कोन येतंय हितं? का वं ताई?"

"काही नाही. सहज."

"तुमचं त्वांड पांढरं पडलंय. पानी प्या."

ती पाणी प्यायली आणि तिने ताथवड्याच्या कारखान्यात फोन लावला. तिथल्या रक्षकाने सांगितलं, आज गुरुवार, इथेपण सगळं बंद आहे.

खोलीत येऊन तिने मागच्या दहा मिनिटांचा आलेख उघडला. यंत्रणा आकडे जपून ठेवते, आवाज नाही. आलेखात दाट रेघा होत्या आणि मध्ये सपाट तुकडे. तिने तुकड्यांची लांबी मोजली. एकोणीस सेकंद. पुढचा, एकोणीस. त्याच्या पुढचा, एकोणीस. दोन तुकड्यांच्या मधलं अंतर दहा सेकंद. हे आकडे तिला पाठ होते, कारण सकाळीच तिने ते स्वतः भरले होते. घोषणा एकोणीस सेकंदांची, मध्ये थांबायचं दहा सेकंद. आणि घोषणा चालू असताना झोनचा माईक बंद ठेवायचा असतो, नाहीतर तो घोषणेचाच गोंगाट मोजतो आणि आवाज वाढवत बसतो.

म्हणजे तिने जे ऐकलं त्यात तिची घोषणा वाजत होती. पण त्या हॉलमध्ये ती अजून एकदाही वाजलेली नव्हती.

तिने बॅग भरली नाही. आधी गेट तीन बघायला गेली. लोखंडी दोन फळ्यांचं दार, आतून आडवी दांडी दाबली की बाहेर उघडणारं. तिने दांडी दाबली. दार अलगद उघडलं. बाहेर स्वच्छ काँक्रीट, पलीकडे कडुलिंबाची दोन रोपं आणि हिरवा बाण काढलेली जमण्याची जागा. दाराला काहीही झालेलं नव्हतं. तिने ते चार वेळा उघडलं, चार वेळा लावलं.

शेखरसरांना तिने फोनवर सांगितलं ते अर्धंच. "झोन सातला नको ते आवाज येतायत सर. आलेख पाठवते."

"अगं, दुसरीकडच्या आवाजाचा स्ट्रीम शिरला असेल. पत्ते बदल सगळे. आणि सोनल, पुढच्या आठवड्यात त्यांचं ऑडिट आहे, सर्टिफिकेट अडकवू नको."

तिने पत्ते बदलले. आकडा छत्तीसवरच राहिला. घरी जाताना तळवड्याच्या चौकात सिग्नल हिरवा झालेला तिला दिसला नाही. मागचे हॉर्न देत राहिले.

शुक्रवारी तिला त्या कारखान्यात काही काम नव्हतं. तरी ती गेली. आतली काही वायर तपासायची आहे असं फाटकावर सांगितलं आणि सरळ इमारतीला वळसा घालून गेट तीनच्या बाहेरच्या बाजूला आली.

तिथे ट्रेलर उभा होता. चाळीस फुटी, पाठ दाराकडे करून. माल चढवायचा धक्का शेजारीच होता आणि एवढी लांब गाडी तिथे सरळ मावत नव्हती, म्हणून ड्रायव्हर ती तिरकी लावायचे. कंटेनरची मागची बाजू गेट तीनच्या फळ्यांपासून वीतभर अंतरावर येत होती. तिने मध्ये हात घालून बघितला. हात गेला, खांदा गेला नाही.

"हे रोज असं असतं?" तिने धक्क्यावरच्या माणसाला विचारलं.

"रोज. एक सुटली की दुसरी लागते. गुरुवार सोडून."

तपासणी करणारे सगळे गुरुवारी यायचे. फायरवाले, नकाशावाले, ती स्वतः. गुरुवारी दार उघडत होतं.

तिथून ती कँटीनमध्ये गेली. जेवणाची सुट्टी झाली होती. चहा घेऊन ती कोपऱ्यात बसली. बायकांची रांग पुढे सरकत होती. आणि मागून आवाज आला, "ए जये, लोणचं घे गं माझ्यासाठी!"

चहा तिच्या हातावर सांडला. घोगरा, शेवटी थोडा ओढलेला. कान देऊन ऐकलेला आवाज ओळखण्यात तिची चूक व्हायचा प्रश्न नव्हता, तिचं पोटच त्यावर होतं. ती वळली. निळ्या एप्रनमधली पंचविशीतली एक मुलगी, कपाळावर घामाने चिकटलेले केस, ताट डोक्याच्या वर धरून हसत होती. रांगेत पुढे उभी असलेली थोराड बाई, तीच जया असणार, मान न वळवता म्हणाली, "तुझे हात काय गहाण पडलेत का?"

सोनल उठून त्यांच्या टेबलाशी गेली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "मी घोषणेचं काम करते इथे. आवाज नीट येतो का, विचारायचं होतं."

"अजून वाजलीच कुठंय?" मुलगी म्हणाली. "वाजली की सांगू. मी अपेक्षा. ही जयमाला. आमी दोघी एकाच गाडीनं येतो, राजगुरुनगरवरनं. मॅडम, हाताला पाणी लावा, भाजलाय."

इथे मेलेलं कुणी नव्हतं. बाळाजीमामा खरंच सांगत होते. ज्यांना तिने ऐकलं त्या समोर बसून भात कालवत होत्या.

प्लांटचे मॅनेजर सुजित वाबळे. माणूस वाईट नव्हता, घाईत असायचा इतकंच. सोनलने त्यांना ट्रेलरचं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, नकाशा मंजूर आहे. गेट तीन मंजूर आहे."

"सर, आत्ता चला, दार उघडून दाखवते."

"कंटेनर सुटायच्या वेळी मी तिकडे येऊन काय करू? ड्रायव्हरला सांगतो, थोडं पुढे लाव म्हणून."

"सांगून होणार नाही. तिथे खांब गाडायला हवेत. नाहीतर घोषणा गेट दोनची करू."

"घोषणा बदलली की नकाशा बदला, नकाशा बदलला की पुन्हा मंजुरी. बुधवारी ऑडिट आहे."

आता सोनलने जे केलं ते तिने पुढे स्वतःच सगळ्यांना सांगितलं, लपवलं नाही. तिच्या हातात घोषणा बदलणं होतं. पाच मिनिटांचं काम. पण उद्या कुणीतरी पुन्हा नकाशा बघून ती जशीच्या तशी करेल, हे तिला ठाऊक होतं. तिला वाटलं, या माणसाने एकदा डोळ्यांनी बघितलं पाहिजे. ती म्हणाली, "ठीक आहे सर. सर्टिफिकेटच्या आधी एक सराव घेऊ. गुरुवारी नाही, चालू शिफ्टमध्ये. दहा बायका पुरे."

वाबळे तयार झाले. मंगळवार, सकाळी अकरा.

दहा बायका दाराशी जातील. दार चार बोटं उघडेल, ट्रेलरला लागेल. त्या हसतील. वाबळेसाहेब कपाळाला हात लावतील. सोनलने हे चित्र शनिवारपासून सोमवारपर्यंत इतक्या वेळा बघितलं की तिला ते घडून गेल्यासारखं वाटायला लागलं. त्या गुरुवारी ऐकलेलं आता होणार नाही, आपण ते मध्येच अडवलं, अशी तिची समजूत होती.

मंगळवारी ती रॅकच्या खोलीत बसली. थेट बोलायचा माईक समोर, हेडफोन कानाला. बाळाजीमामांना तिने गेट तीनच्या बाहेर उभं केलं होतं, काही वाटलं तर ड्रायव्हरला हाक द्या म्हणून. अकराला दोन मिनिटं कमी असताना वाबळ्यांचा फोन आला. "मॅडम, पूर्ण शिफ्टचाच घेतोय सराव. ऑडिटला फोटो लागतात. मी बाहेर हिरव्या बाणापाशी उभा आहे. द्या चालू."

"सर, दहा म्हणाला होतात."

"अहो, दहा काय आणि दीडशे काय? पाच मिनिटांत उरकेल. बायकांना सांगून ठेवलंय, आवाज सांगेल तेच करायचं."

ती नाही म्हणू शकत होती. त्या दोन मिनिटांत तिने एकदा बटणावरून बोट उचललंही. मग पुन्हा ठेवलं. बघू दे ना यांना, असं तिच्या मनात आलं.

हेडफोनमध्ये हॉल चालू होता. चिकटपट्टी, खोकी, पंखे. कुणीतरी खोकलं. बांगड्या टेबलाच्या कडेला लागल्या.

सोनलला ते ओळखू आलं, पण बटण दाबलं गेलं होतं.

पोकळी. एकोणीस सेकंद तिकडे तिची घोषणा वाजत होती आणि इकडे तिला काहीच ऐकू येत नव्हतं. मग स्टुलं सरकली, पावलं उठली आणि एक बाई हसून म्हणाली, "चला, तेवढाच आराम."

तेच शब्द आणि तोच आवाज. शब्दांच्या मधला श्वाससुद्धा तोच.

पोकळी. घोषणा सुरू झाली की आग लागल्याप्रमाणे हॉलचे दिवे आणि पंखे आपोआप बंद होतील अशी जोडणी होती, तेही झालं असणार. आवाज परत आला तेव्हा पंखा नव्हता. "सरका की पुढं! का थांबल्या?" "दार उघडत नाय." मागच्यांना पुढचं दिसत नव्हतं. आवाज मात्र सगळ्यांना एकच सांगत होता, गेट क्रमांक तीन. आणि तो आवाज सोनलने भरलेला होता.

तिने फोन उचलला, वाबळ्यांचा नंबर लावला. ते उचलेनात. फोटो काढत होते. बाहेर बाळाजीमामा ट्रेलरच्या केबिनवर काठी आपटत होते, हे तिला नंतर कळलं. केबिन रिकामी होती. ड्रायव्हर किल्ली खिशात घालून चहाला गेला होता.

तिसरी पोकळी. सोनलला माहीत होतं पुढे काय येणार. आधी लोखंड, मग ढकलू नका, मग आईला हाक, मग अपेक्षा. आणि अपेक्षानंतर ती न संपणारी शांतता. तिने सगळं थांबवायची कळ शोधली. रोज आंधळेपणाने सापडणारी कळ पडद्यावर दिसेना. लोखंडावर हात आपटायला लागले. "अगं ढकलू नका!" कुणीतरी आईला हाक मारली.

"ए जये, हात सोडू नको गं. ए जये..."

सोनलने थेट माईकचं बटण दाबलं.

हेडफोन गप्प झाला.

 तिच्या ध्यानात आलं की थेट बोलणं सुरू झालं, म्हणून भरलेली घोषणा रद्द झाली आणि झोनचा माईक बंद पडला. गुरुवारी ऐकलेली शेवटची शांतता हीच होती आणि ती तिनेच केली होती. पण त्या शांततेच्या पलीकडे काय आहे, हे गुरुवारी तिला कळलं नव्हतं आणि आत्ताही कळत नव्हतं.

"गेट तीन बंद आहे," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "मागे वळा. सगळ्यात मागे जी उभी आहे, तिने आधी वळा. गेट दोन, कँटीनचं दार. मागच्यांनी चला. पुढच्यांनी जागेवर थांबा. कुणी ढकलू नका. मी बघतेय. मागच्यांनी चला. अपेक्षा, थांब. जयमालाताई, तुम्हीपण थांबा. आधी मागच्या जाऊ द्या."

ती बघत नव्हती. त्या खोलीतून काहीही दिसत नव्हतं. तेच तेच ती पुन्हा सांगत राहिली. बटण सोडलं की माईक चालू होईल आणि हॉल ऐकू येईल, हे तिला माहीत होतं, म्हणूनच तिला ते सोडवेना. आपण बोलत आहोत तोपर्यंत काही झालेलं नाही, असं काहीतरी तिच्या डोक्यात बसलं होतं. अंगठा पांढरा पडला. चार मिनिटं ती बोलली, असं यंत्रणेने नंतर दाखवलं.

शेवटी तिने बटण सोडलं.

पावलं. लांब जाणारी, सुटी सुटी पावलं. कुणीतरी रडत होतं. कुणीतरी तिला शिव्या घालत समजावत होतं. आणि मग घोगरा आवाज, अगदी हळू: "आई गं, माझा हात."

सोनलने डोकं टेबलावर टेकलं.

अपेक्षाचं मनगट मोडलं होतं. दाराची आडवी दांडी आणि मागचा जमाव यांच्यात तो हात सापडला होता. आणखी दोन बायका घुसमटून बेशुद्ध पडल्या, पाच मिनिटांत शुद्धीवर आल्या. बाकी खरचटणं. वाबळे पांढरेफटक होऊन उभे होते, त्यांच्या मोबाइलमध्ये दाराच्या फटीतून बाहेर आलेल्या बोटांचा फोटो होता. त्यांनी तो कुणालाही न सांगता वरिष्ठांना स्वतःच पाठवला. बुधवारचं ऑडिट झालं नाही. आठवड्याभरात गेट तीनच्या बाहेर काँक्रीटमध्ये चार खांब गाडले गेले आणि धक्का इमारतीच्या दुसऱ्या टोकाला नेला.

सोनलने अहवालात लिहिलं की ट्रेलर तिथे लागतो हे आपल्याला शुक्रवारपासून माहीत होतं, तरी सराव आपण होऊ दिला. शेखरसर म्हणाले, "एवढं लिहायची गरज नव्हती." ती म्हणाली, "होती." गुरुवारच्या आवाजाबद्दल तिने एक ओळही लिहिली नाही. तो आलेख आणि मंगळवारचा आलेख तिने एकमेकांवर ठेवून बघितला नाही. दोन्ही पुसून टाकले.

पंधरा दिवसांनी ती राजगुरुनगरला अपेक्षाच्या घरी गेली. प्लास्टर घातलेला हात गळ्यात बांधून अपेक्षा दारातच बसली होती. जयमालाही तिथेच, स्वयंपाकघरात चहा टाकत होती. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग अपेक्षा म्हणाली, "मॅडम, एक सांगू? हसणार नाय ना? त्या दाराशी मी जी ओरडत होते ना, ते जयमालाला नव्हतंच. ती कधीच हात सुटून मागं राहिली होती, मला माहीत होतं. मला सारखं वाटत होतं, कुणीतरी ऐकतंय. लांबून. नीट कान देऊन. म्हणून मी बोलत राहिले. गप्प झाले तर ते निघून जाईल असं वाटलं."

सोनलला आता राहवलं नाही. तिने सगळं सांगितलं. रिकामा हॉल, चौऱ्याहत्तरचा आकडा, अपेक्षाचा आवाज, कँटीन. अपेक्षाने मध्ये एकदाही अडवलं नाही. ऐकून झाल्यावर तिने गळ्यात बांधलेला हात जरा वर ओढून घेतला.

"मग मला आधी का नाय सांगितलं?"

"काय सांगणार होते? वेड्यात काढलं असतंस मला."

"काढलं असतं," अपेक्षा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते ऐकणं जास्त कठीण होतं. "पण मी घाबरट आहे, मॅडम. वेड्यासारखं काहीही तुम्ही बोलला असता ना, तरी त्या दिवशी मी दाराशी पुढं गेले नसते. मागंच राहिले असते. आणि ह्या जयीला पण धरून ठेवलं असतं."



जयमाला तीन कप घेऊन बाहेर आली. अपेक्षाने डाव्या हाताने कप उचलायचा प्रयत्न केला, तो कलंडायला लागला. सोनल पुढे सरकली. तिने चहा बशीत ओतला, बशी दोन्ही हातांत धरली आणि अपेक्षाच्या तोंडापाशी नेली.

"गरम आहे," ती म्हणाली. "हळू."